उजळणीलाही तासिका द्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे

महोदय,



मी तालुक्याच्या गावातल्या एका माध्यमिक शाळेत दहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. आपल्या मंडळाच्या नऊ विभागांतून दर वर्षी पंधरा-सोळा लाख मुलं दहावीच्या परीक्षेला बसतात, त्यांतली काही माझ्या वर्गातली असतात. पेपर अवघड होते की सोपे, निकाल फुगला की घसरला, कॉप्या थांबल्या की नाही, याबद्दल मला या पत्रात काही म्हणायचं नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचं आहे ते उजळणीबद्दल. पोर्शन संपतो तिथपासून पहिल्या पेपरच्या सकाळपर्यंत मुलांच्या हातात जो वेळ असतो, तो कसा वापरायचा हे त्यांना कुणीच शिकवत नाही. पाठ्यपुस्तकात ते नसतं, शाळेच्या वेळापत्रकात नसतं, मंडळाच्या सूचनांमध्येही नसतं. ‘आता जोरात अभ्यासाला लागा’ एवढं सांगून आपण मुलांना घरी पाठवतो आणि पुढचं त्यांच्यावर सोडतो.

माझी विनंती अशी की, उजळणीला शाळेच्या वेळापत्रकात जूनपासूनच जागा मिळावी आणि ती कशी घ्यायची याचा नमुना मंडळानं शाळांना द्यावा. अभ्यासक्रम एससीईआरटी ठरवते, पुस्तकं बालभारती काढते, हे मला ठाऊक आहे. पण शाळा सगळ्यात लक्षपूर्वक ऐकतात ते परीक्षेचं, आणि परीक्षा आपण घेता. म्हणून हे पत्र आपल्याला.

आधी कॅलेंडर पाहू. २०२४ मध्ये दहावीचा पहिला पेपर १ मार्चला होता, २०२५ मध्ये तो २१ फेब्रुवारीला आला. बारावीची परीक्षा २१ फेब्रुवारीवरून ११ फेब्रुवारीवर आली. निकाल लवकर लागावा, पुरवणी परीक्षा वेळेत व्हावी, पुढचे प्रवेश रखडू नयेत, हा हेतू रास्तच आहे. पण शाळा उघडते ती जूनमध्येच. पुस्तकांची पानं तेवढीच राहिली. मग हे आठ-दहा दिवस गेले कुठून? शिकवण्यातून ते जाऊ शकत नाहीत, कारण पोर्शन पूर्ण झाला नाही तर मुख्याध्यापक विचारतात, पालक विचारतात. ते गेले उजळणीतून, कारण तिच्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही.

शाळेत वर्ष कसं सरतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात घटक चाचणी, मग सत्र परीक्षा, दिवाळीची सुट्टी. डिसेंबरात क्रीडास्पर्धा, सहल, गॅदरिंग. जानेवारी उजाडला की पहिली पूर्वपरीक्षा, लगेच दुसरी, त्यातच जर्नल पूर्ण करणं, प्रात्यक्षिक, तोंडी परीक्षा, निरोप समारंभ. त्यानंतर मुलाच्या हातात हॉल तिकीट येतं आणि जो काही वेळ उरतो त्यात त्यानं गणिताचे दोन भाग, विज्ञानाचे दोन भाग, इतिहास-राज्यशास्त्र, भूगोल आणि तीन भाषा ‘रिव्हाइज’ करायच्या. कशा, ते त्याचं त्यानं ठरवायचं. तो पंधरा वर्षांचा आहे.

मग मुलं काय करतात? वाचतात. पुन्हा वाचतात. जानेवारीतल्या एका दिवशी मधल्या सुट्टीत माझी एक विद्यार्थिनी वर्गातच पुस्तक घेऊन बसली होती. विज्ञान भाग १, भिंगांचा धडा. पानं पिवळ्या आणि हिरव्या हायलायटरनं रंगलेली, समासात पेन्सिलीच्या चांदण्या. म्हणाली, “तिसऱ्यांदा वाचतेय मॅडम, सगळं येतं.” मी म्हटलं, “मग पुस्तक मीट, आणि वस्तू बहिर्वक्र भिंगापासून नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर असताना प्रतिमा कुठं मिळेल, ते आकृती काढून दाखव.” तिनं पट्टी घेऊन मुख्य अक्ष काढला, भिंग काढलं, वस्तूचा बाण नीट उभा केला. अक्षाला समांतर किरण भिंगापर्यंत नेला आणि तिथं तिची पेन्सिल थांबली. भिंगातून गेल्यावर तो किरण कुठून जातो? हे वाक्य तिच्या पुस्तकात हिरव्या रंगात होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी नुसतं “नाभी” म्हटलं, आणि तिचा हात सुटला. पलीकडच्या नाभीतून पहिला किरण, प्रकाशीय केंद्रातून सरळ जाणारा दुसरा, दोघांच्या छेदावर तेवढ्याच उंचीची, उलटी प्रतिमा. अगदी बिनचूक.

ही मुलगी आळशी नाही, ढ तर मुळीच नाही. तिला धडा समजलेलाही होता. पण छापलेलं वाक्य समोर आलं की ओळखू येणं आणि समोर कोरा कागद असताना तेच आठवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिनं महिनाभर पहिल्या गोष्टीचा सराव केला होता. परीक्षेत मागतात ती दुसरी. तिथं “नाभी” म्हणायला कुणी नसतं.

माणसाची ही फसगत कशी होते, यावर मानसशास्त्रात भरपूर काम झालं आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. एक उतारा त्यांनी पुन्हा एकदा वाचायचा. दुसरा बाजूला ठेवायचा आणि त्यातलं आठवेल तेवढं कागदावर उतरवायचं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातलं ८१ टक्के आठवत होतं, लिहून काढलेल्यातलं ७५ टक्के. म्हणजे वाचन सरस दिसलं. पण ज्यांची चाचणी आठवड्यानं घेतली त्यांचा निकाल उलटा होता: पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं होतं, आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के.

पाच मिनिटांनंतरचा तो पहिला निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मुलं त्याच्यावरच विश्वास ठेवतात. पुस्तक मिटल्या मिटल्या सगळं डोक्यात असतं. ‘येतं’ असं जे वाटतं ते त्या क्षणापुरतं खरंही असतं. आठवड्यानं काय उरलं, ते तपासायला कुणी सांगितलेलंच नसतं. आठवून लिहिणं त्या मानानं कष्टाचं आहे. मध्येच अडतं, काही येत नाही म्हणून वाईट वाटतं, मूल म्हणतं, ‘माझं काहीच झालेलं नाही.’ ज्या पद्धतीनं जास्त टिकतं तिच्यात कमी येतंय असं वाटतं, हे पंधरा वर्षांच्या मुलानं आपलं आपण ओळखावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. ते शिकवावं लागतं. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. अधोरेखन आणि पुनर्वाचन यांचा उपयोग त्यांना कमी दिसला. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांवर पसरवणं, या दोन पद्धती सगळ्यात वर आल्या. आपल्या मुलांची जानेवारीतली उजळणी नेमकी पहिल्या दोन पद्धतींवर उभी आहे.

गणिताचं दुखणं थोडं निराळं आहे. तिथं मुलं सोडवतात, नुसती वाचत नाहीत. पण कशी सोडवतात? सरावसंच घेतला की तो ओळीनं संपवायचा. अंकगणिती श्रेढीत पदांच्या बेरजेचा सरावसंच असेल तर त्यातल्या प्रत्येक उदाहरणाला बेरजेचंच सूत्र लागणार. दुसऱ्या उदाहरणानंतर मुलगा प्रश्न वाचायचं सोडून देतो. किमती घालतो, उत्तर काढतो, उत्तर बरोबर येतं. पुढे पूर्वपरीक्षेत मी विचारते: पहिल्या दिवशी १० रुपये आणि नंतर दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा २ रुपये जास्त अशी बचत केली, तर तिसाव्या दिवशी किती रुपये बाजूला टाकले? उत्तर ६८ आहे. निम्मा वर्ग ११७० लिहितो, म्हणजे तीस दिवसांची एकूण बचत. आकडेमोड अगदी चोख असते. सूत्र कोणतं वापरायचं हे ठरवायची वेळ मात्र त्यांच्यावर आजवर आलेलीच नसते, कारण सरावसंचाचं शीर्षकच ते सांगून टाकत होतं.

यावरही प्रयोग झालेले आहेत. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींची घनफळं काढायला दिली. एका गटानं एकेका आकृतीची सगळी उदाहरणं संपवून मग पुढची घेतली, दुसऱ्या गटाला तीच उदाहरणं मिसळून दिली. सराव करताना पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, दुसऱ्याची ६० टक्के. आठवड्यानं परीक्षा घेतली तर पहिला गट २० टक्क्यांवर होता आणि दुसरा ६३ टक्क्यांवर. मी हे आकडे आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत वाचून दाखवले तेव्हा कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. आम्ही सगळे दर जानेवारीत हेच पाहतो. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात प्रकरणाशेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो आणि तो चांगला असतो, पण तो त्या प्रकरणापुरताच. समरूपता, वर्तुळ आणि त्रिकोणमिती एकमेकांत मिसळून आलेली मुलांना पहिल्यांदा दिसतात ती पूर्वपरीक्षेत.

हे सगळं परदेशातलं खूळ आहे असं कुणी म्हणू नये. आपल्याकडे दिवेलागणीला घराघरांत परवचा म्हणत असत. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, मग श्लोक, स्तोत्रं. रोज, ठरलेल्या वेळी, पुस्तक न उघडता, मोठ्यानं आणि घरातल्या कुणाच्या तरी समोर. कालचं पाठ झालं म्हणून ते आज सुटत नसे. जुनं म्हणत म्हणतच नवं त्यात जोडलं जाई. चुकलं की आजी तिथल्या तिथं दुरुस्त करत असे, आणि त्या चुकीचे गुण काही जात नसत. पुढे पाठांतराला वाईट दिवस आले, आणि नुसत्या घोकंपट्टीबद्दल बोलायचं तर ते योग्यच झालं. भाषेच्या प्रश्नपत्रिकांच्या जागी आपण कृतिपत्रिका आणल्या, मी त्या बदलाच्या बाजूची आहे. पण घोकंपट्टी जाताना तिच्याबरोबर परवचाची ही शिस्तही आपण टाकून दिली. समजून घेतलेलंही विसरतं. ते टिकवायला वारंवार आठवावं लागतं, मग तो पाढा असो, नाहीतर धातूंच्या अभिक्रियाशीलतेची श्रेणी.

आता वेळेच्या नियोजनाबद्दल. दहावीच्या मुलांना मार्गदर्शन करायला शाळेत पाहुणे येतात आणि सांगतात, रोज आठ तास अभ्यास करा, पहाटे चारला उठा. मुलं घरी जाऊन वेळापत्रक करतात. स्केचपेननं चौकटी आखतात: ४ ते ६ गणित, ६ ते ७ इंग्रजी. ते भिंतीवर लागतं आणि आठवड्याच्या आत मोडतं. एक दिवस पाहुणे येतात, एक दिवस लाईट जाते, एक दिवस नुसतीच झोप लागते. मग मुलाला वाटतं, आपल्यातच काही राम नाही. मोडलेलं असतं ते वेळापत्रक. कमीपणा मात्र मुलाच्या मनात घर करतो.

माझ्या वर्गातल्या मुलांचा दिवस कसा असतो ते सांगते. वाडीवस्तीवरून येणारी मुलगी सकाळी पाणी भरून, भाकरीला मदत करून एसटी पकडते. शाळा सुटल्यावर पुढची एसटी मिळेपर्यंत स्टँडवर थांबते. घरी पोचते तेव्हा अंधार पडायला आलेला असतो. जेवणं उरकल्यावर तिला धड दोन तास मिळाले तरी पुष्कळ. बीडकडच्या ज्या मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांचं दहावीचं निम्मं वर्ष आजीआजोबांच्या, नाहीतर वसतिगृहाच्या आधारानं सरतं. घरी राहिलेल्या मोठ्या मुलीवर धाकट्यांचीही जबाबदारी असते. मुंबईच्या रात्रशाळांत दिवसभर काम करून आलेली मुलं बसतात. अशा मुलांना आठ तासांचा सल्ला देणं म्हणजे तुमच्याच्यानं हे होणार नाही असं सांगण्यासारखं आहे. दोन तासांत काय करायचं हे त्यांना कळलं पाहिजे, आणि दोन तासांत खूप काही होऊ शकतं, जर त्यातला वेळ न येणाऱ्या गोष्टीवर खर्च झाला तर.

मी वर्गात काय करते ते थोडं तपशिलानं लिहिते, कारण मंडळानं नमुना द्यावा असं मी म्हणते आहे, तर तो कसा असू शकतो हेही सांगायला हवं. तासिका सुरू झाली की पहिली दहा मिनिटं पुस्तकं बंद. फळ्यावर चार छोटे प्रश्न: एक कालच्या भागावरचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा आणि एक नववीतला. मुलं रफ वहीत उत्तरं लिहितात. मी उत्तरं सांगते आणि जो तो स्वतःच तपासतो. गुण नाहीत, मी वह्या गोळा करत नाही, कुणाला उभं करत नाही. प्रत्येक प्रश्नापुढे मुलानं तीनपैकी एक शब्द लिहायचा: आलं, अडलं, किंवा आलंच नाही. अडलेलं आणि न आलेलं वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह उतरवायचं.

ते शेवटचं पान हेच मुलाचं उजळणीचं वेळापत्रक. त्यात ‘४ ते ६ गणित’ असं लिहिलेलं नसतं. ‘पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता, तिसरी पायरी अडली’ असं असतं. ‘आधुनिक आवर्त सारणी, आवर्तात डावीकडून उजवीकडे अणूचा आकार कमी का होतो, आलंच नाही’ असं असतं. घरी बसल्यावर काय करायचं याचा विचार करण्यात वेळ जात नाही. यादीतली एक गोष्ट घ्यायची, पुस्तक न बघता लिहायची, मग पुस्तक उघडून तपासायची. आली तर तारीख टाकून तीन-चार दिवसांनी पुन्हा, मग दहा-बारा दिवसांनी, मग महिन्यानं. पुन्हा आली की यादीतून काढायची. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहॉस यांनी निरर्थक अक्षरगट पाठ करून, स्वतःवरच प्रयोग करून, १८८५ मध्ये विसरण्याचा आलेख मांडला. तेव्हाही त्यांना दिसलं होतं की एका बैठकीत रेटण्यापेक्षा तेवढाच सराव दिवसांवर पसरला तर कमी फेऱ्यांत काम होतं. आमच्या मुलांना एबिंगहॉस माहीत नाही. शेवटच्या पानावरच्या तारखा माहीत आहेत, तेवढं पुरतं. रविवारची संध्याकाळ मी मुलांना मोकळी ठेवायला सांगते, आठवड्यात जे राहून गेलं ते तिथं बसतं. आणि रात्री झोपा म्हणते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून काढलेल्या मुलाची सकाळच्या पेपरात काय गत होते, हे प्रत्येक पर्यवेक्षकानं पाहिलेलं आहे.

या पद्धतीत एक अडचण आहे. जून-जुलैत मुलं नाराज होतात. ‘आलंच नाही’ हे शब्द रोज लिहायला कुणालाच आवडत नाही, आणि हुशार मुलांना तर मुळीच नाही. पालक विचारतात, मॅडम, परीक्षा घेता तर मार्क का देत नाही? गणपतीपर्यंत धीर धरावा लागतो. मग शेवटच्या पानावरच्या ओळी खोडल्या जायला लागतात, आणि मुलांना स्वतःच दिसतं की महिन्यापूर्वी जे येत नव्हतं ते आता येतंय. हा धीर एकट्या शिक्षकानं धरणं अवघड असतं. पाठीशी मंडळाचं परिपत्रक असेल तर सोपं जाईल.

पूर्वपरीक्षांबद्दलही लिहायलाच हवं. बऱ्याच शाळा दोन घेतात, काही तीन. पेपर तपासून गठ्ठे येतात तोवर दुसरी पूर्वपरीक्षा सुरू झालेली असते. कितीतरी ठिकाणी वर्गात नुसते गुण वाचून दाखवले जातात आणि उत्तरपत्रिका कपाटात जातात. मुलाला कळतं की भूमितीत ४० पैकी १९ पडले. २१ कुठे गेले ते कळत नाही. पूर्वपरीक्षेचा सगळा उपयोग त्या २१ मध्ये आहे. मी तर म्हणेन, दुसरी पूर्वपरीक्षा रद्द करून ते दिवस पहिलीच्या उत्तरपत्रिका परत देण्याला द्यावेत. उत्तरपत्रिका मुलाच्या हातात, दोन तासिका शांत, गेलेला प्रत्येक प्रश्न त्यानं पुन्हा लिहायचा आणि तो का गेला तेही लिहायचं: माहीत नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, की वेळ पुरला नाही. या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. आज तिन्हींवर एकच उपाय सांगितला जातो: अजून अभ्यास कर.

वेळ न पुरणं हे तर निव्वळ हिशोबाचं काम आहे. भूमितीचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. भाषेचा ८० गुणांचा आणि तीन तासांचा, म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं. चार गुणांच्या प्रश्नावर पंचवीस मिनिटं घालवणाऱ्या मुलाला हे कुणी सांगितलेलंच नसतं. आपण २०२३ पासून पेपरच्या शेवटी दहा मिनिटं वाढवून दिलीत, ती खरोखर उपयोगी पडतात, पण ती कशासाठी वापरायची याचा सराव वर्गात व्हायला हवा. त्यासाठी दर वेळी पूर्ण पेपरच घ्यायला हवा असं नाही. फळ्यावर एक प्रश्न आणि भिंतीवरच्या घड्याळात बारा मिनिटं, एवढ्यात होतं. आणि मुलं हातानं लिहितात किती, हाही प्रश्न आहे. वर्षभर वाचून उजळणी केलेल्या मुलाची बोटं तिसऱ्या तासाला दुखायला लागतात.

यावर पहिला आक्षेप काय येईल ते मला माहीत आहे, कारण आमच्या शिक्षकखोलीतही तोच आला: रोजची दहा मिनिटं यात घालवली तर पोर्शन कधी संपणार? माझा अनुभव असा की, जूनमध्ये शिकवलेलं मुलं ऑक्टोबरपर्यंत विसरतात आणि जानेवारीत ते आम्हाला जवळजवळ नव्यानं शिकवावं लागतं. पोर्शन कागदावर डिसेंबरात संपतो, मुलांच्या डोक्यात नाही. दहा मिनिटं आधी घातली तर जानेवारीतले ते तास वाचतात.

दुसरा आक्षेप, हे तर क्लासवाल्यांचं काम. इथं मला सगळ्यात कळकळीनं बोलायचं आहे. शहरांतले क्लास डिसेंबरपासून ‘टेस्ट सिरीज’ विकतात. दर रविवारी पेपर, तीन दिवसांत तपासून परत, चुकलेल्या भागावर पुन्हा चाचणी. लातूर पॅटर्नचं नाव महाराष्ट्रभर झालं, त्याच्यावर टीकाही बरीच झाली, पण त्याच्या गाभ्याशी होतं ते हेच: भरपूर सराव चाचण्या आणि त्यांची कसून तपासणी. क्लासमध्ये फी भरून मिळतं ते ज्ञान शाळेतल्यापेक्षा वेगळं नसतं. तिथं मिळते ती शिस्तीत आखलेली उजळणी. ज्याच्या घरी पैसे आहेत त्याला ती मिळते. स्टँडवर एसटीची वाट बघणाऱ्या मुलीला मिळत नाही. परीक्षा मात्र दोघांची एकच, तीही एकाच दिवशी, एकाच वेळी. ज्या गोष्टीवर निकाल एवढा अवलंबून आहे ती शाळेच्या बाहेर विकत घ्यावी लागावी, हे राज्य मंडळाच्या शाळेला शोभणारं नाही.

म्हणून, महोदय, पुढची शाळा उघडण्याआधी एक परिपत्रक निघावं. दहावीच्या प्रत्येक विषयाला आठवड्यातून एक तासिका, किंवा रोजच्या तासिकेतली पहिली दहा मिनिटं, मागच्या भागाच्या उजळणीसाठी राखून ठेवावीत. मुलांनी पुस्तक मिटून लिहावं. त्यासाठी मंडळानं दर आठवड्याला विषयवार एक पानाचा प्रश्नसंच द्यावा, ज्यात मागच्या सगळ्या प्रकरणांतले प्रश्न मिसळलेले असतील आणि कोणता प्रश्न कोणत्या प्रकरणातला हे छापलेलं नसेल. हे अशक्य नाही. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, एससीईआरटीनं दहावी-बारावीसाठी प्रश्नपेढ्या तयार करून सगळ्यांसाठी खुल्या केल्या होत्या. तेच काम, फक्त आठवड्यांत वाटलेलं आणि जूनपासून. पूर्वपरीक्षा एकच असावी, आणि उत्तरपत्रिका मुलाच्या हातात दिल्याशिवाय ती पूर्ण झाली असं धरू नये.

आणि एक गोष्ट मी हात जोडून मागते: याला गुण देऊ नका. अंतर्गत मूल्यमापनाच्या वीस गुणांत याचे पाच गुण घालण्याचा मोह होईल. तसं झालं की पहिल्याच महिन्यात मुलं शेजारच्याचं बघून लिहायला लागतील, ‘आलंच नाही’ हे शब्द वहीतून नाहीसे होतील, शाळा नोंदवह्या भरतील आणि तपासणीला येणारे अधिकारी त्या मोजतील. चूक लपवायचं कारण नसतं तोवरच मूल ती प्रामाणिकपणे लिहितं. शिक्षकांकडूनही याचा अहवाल मागवू नये. हवं तर वर्षाच्या शेवटी काही शाळांत जाऊन मुलांच्या वह्यांचं शेवटचं पान पाहावं, त्यातून जे कळेल ते अहवालातून कळणार नाही.

माझ्याकडे गणिताच्या दोन्ही भागांचे आणि विज्ञान भाग १ चे आठवडावार मिश्र प्रश्नांचे कागद आहेत. हस्ताक्षरात आहेत, काही ठिकाणी दुरुस्ती लागेल, आकृत्या नव्यानं काढाव्या लागतील. ते मी आमच्या विभागीय मंडळाच्या कार्यालयात द्यायला तयार आहे. माझ्यासारखे इतर विषयांचे शिक्षकही देतील, मी काहींशी बोलले आहे. बैठकीसाठी बोलावलंत तर शनिवारी दुपारनंतर किंवा कोणत्याही रविवारी येईन.

कळावे.

आपली विश्वासू,
दहावीला गणित-विज्ञान शिकवणारी एक शिक्षिका